झाड हिरवे, फुले कमी: कोकणातल्या एका डेंड्रोबियम शेडनेटमधील विषाणू-संसर्गाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका गावात एक कुटुंब पाच गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये डेंड्रोबियम ऑर्किड लावते. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि काही तपशील गाळले आहेत. शेडनेटचे रोजचे काम घरातली सून पाहते. मी त्यांना वहिनी म्हणते, इथेही तसेच म्हणेन. त्यांचे सासरे अण्णा हिशेब आणि विक्री सांभाळतात. सुमारे चार हजार कुंड्या आहेत. बहुतेक झाडे जांभळ्या-पांढऱ्या 'सोनिया' जातीची, थोडी पांढऱ्या फुलांची. माध्यम म्हणजे नारळाची सोडणे, कोळसा आणि विटांचे तुकडे. फुलांचे दांडे गोव्यातल्या हॉटेलांना आणि लग्नाची सजावट करणाऱ्यांना जातात, गणपतीच्या आधी थोडा माल दादरलाही जातो.

पहिली रोपे उतिसंवर्धनातून (टिश्यू कल्चर) आली होती. पुढच्या वर्षांत बहुतेक वेळा नवीन रोपे विकत न घेता वहिनींनी जुन्या झुडपांचे भाग केले, छड्यांवर (जाड खोडांवर) फुटलेली पिल्ले वेगळी लावली आणि कुंड्या वाढवल्या. कोकणातल्या लहान बागायतदाराने हे करणे अगदी स्वाभाविक आहे. रोप महाग असते आणि डेंड्रोबियम भाग करायला सोपे. या प्रकरणातला सगळा गुंता मात्र त्याच सोपेपणातून सुरू झाला.

तक्रार

सुरुवातीला एका झाडाला वर्षाकाठी सहा-सात दांडे मिळत होते. ते तीन-चारांवर आले. दांड्यावरच्या फुलांची संख्याही घटली आणि हॉटेलवाले म्हणू लागले, की फुले पूर्वीइतके दिवस टिकत नाहीत. पण एकही झाड मेले नव्हते. पाने हिरवी होती, मुळे बरी होती, कीड जवळपास नव्हती. "झाड मरत नाही, पण चालतही नाही," असे वहिनींनी सांगितले. पुढे प्रयोगशाळेतून जे काही कळले, ते या वाक्याशी तंतोतंत जुळणारे होते.

पाने उजेडासमोर धरून पाहिल्यावर काही पानांत फिकट, लांबट पट्टे दिसत. नुसते वरून पाहिले तर लक्षातही येत नसत.

आधी धरलेली कारणे

पहिला संशय खतावर गेला. १९:१९:१९ या नत्र-स्फुरद-पालाशाच्या खताच्या जोडीला नत्र वाढवण्यात आले. पाने गडद झाली, दांडे वाढले नाहीत. दुसरा संशय सावलीवर: झाडांना ऊन कमी पडते म्हणून फुले कमी, असे एका ओळखीच्या विक्रेत्याचे मत होते. म्हणून दोन थरांच्या जाळीतला एक थर काढला. दोन महिन्यांत जुन्या रांगांतल्या पानांवर पिवळट डाग आले आणि काही पाने करपली. नव्या रांगांतल्या झाडांना त्याच उन्हाचा काहीही त्रास झाला नाही.

हा फरक मला सगळ्यात बोलका वाटला. एकच जात, एकच जाळी, एकच पाणी, आणि एका गटाला सोसणारे ऊन दुसऱ्याला सोसत नाही. याचा अर्थ दुसऱ्या गटातली पाने जो प्रकाश शोषतात त्याचा वापर करू शकत नाहीत. कर्बवायू पकडून साखर बनवण्याचा वेग मंदावला, की पानात शोषलेली प्रकाशऊर्जा उरते, तिच्यातून ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात आणि हरितलवके स्वतःच भाजून निघतात. नत्राचेही तसेच. मुळांनी घेतलेल्या नायट्रेटची अमिनो आम्ले बनवायला ऊर्जा लागते आणि कर्बाचा सांगाडा लागतो. कर्बाचीच टंचाई असलेल्या झाडाला जास्त नत्र देणे म्हणजे त्याच्यावर आणखी एक खर्च टाकणे.

तिसरे कारण मात्र गंभीरपणे तपासण्यासारखे होते: रात्रीची उष्णता. त्या काळात रात्रीचे तापमान कित्येक दिवस २५ अंशांच्या खाली उतरत नव्हते, आणि डेंड्रोबियमच्या बाबतीत रात्र दिवसाइतकीच महत्त्वाची असते.

रात्री काम करणारे झाड

सोनियासारखी जाड पानांची डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस ही ऑर्किडे 'कॅम' पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. झाडाच्या फांदीवर, मातीविना जगणाऱ्या वनस्पतीला दिवसा पर्णरंध्रे उघडणे परवडत नाही, पाणी उडून जाते. म्हणून ती रात्री रंध्रे उघडते, कर्बवायू घेते आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या रिक्तिकांमध्ये साठवते. दिवसा रंध्रे मिटलेली असताना ते आम्ल मोडून कर्बवायू पुन्हा मोकळा होतो आणि उन्हाच्या जोरावर त्याची साखर बनते. आपल्याकडच्या पानफुटीचे पान सकाळी आंबट आणि संध्याकाळी बेचव लागते ते याच कारणाने. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या बेंजामिन हाइन यांनी भारतात राहून पानफुटीची ही चव नोंदवली आणि ती नोंद १८१५ साली प्रसिद्ध झाली.

या पद्धतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. रात्री कर्बवायू पकडायला जो रेणू लागतो तो दिवसा साठवलेल्या स्टार्चपासून तयार होतो. म्हणजे दिवसाची साखर कमी पडली, की रात्री पकडला जाणारा कर्बवायू कमी, आणि रात्री कमी पकडला, की दुसऱ्या दिवशीची साखर कमी. तूट अशी रोज पुढे सरकत जाते. साध्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या भाजीपाल्यात एखादा दिवस वाईट गेला तरी दुसऱ्या दिवशीच्या कर्बवायूसाठी कालच्या साठ्यावर इतके अवलंबून राहावे लागत नाही.

रात्र फार उबदार असेल तर श्वसन वाढते आणि आम्ल कमी साठते, त्यामुळे उष्णतेचा संशय चुकीचा नव्हता. पण उष्णता सगळ्या शेडनेटवर सारखी होती आणि घट फक्त जुन्या रांगांत होती. तिथून विचार विषाणूकडे वळला.

तपासणी: पहिला निर्णय

ऑर्किडमध्ये जगभर सगळ्यात जास्त आढळणारे विषाणू दोन आहेत: सिंबिडियम मोझॅक विषाणू आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट विषाणू. दोन्हींची पहिली वर्णने १९५१च्या सुमारास अमेरिकेत झाली, दुसऱ्याचे जेन्सन आणि गोल्ड यांनी केले. पहिला लवचिक धाग्यासारखा, दुसरा ताठ काडीसारखा आणि तंबाखूच्या मोझॅक विषाणूच्या कुळातला. हे मावा किंवा पांढऱ्या माशीने पसरत नाहीत. ते रसातून पसरतात: कात्री, सुरी, हात, जुन्या कुंड्या, पुन्हा वापरलेली सोडणे.

सगळ्या चार हजार कुंड्या तपासणे खर्चाच्या आवाक्याबाहेरचे होते. अण्णांचे म्हणणे होते, की आजारी दिसणारी पंधरा-वीस झाडे तपासा आणि काय ते ठरवा. वहिनींचे म्हणणे वेगळे होते: "दिसतंय त्याला तपासून काय कळणार? जे दिसत नाही त्याची भीती आहे." शेवटी प्रत्येक बाकड्यावरून चिठ्ठ्या टाकून कुंड्या निवडल्या आणि ज्या झुडपांचे भाग करून लागवड वाढली होती ती सगळी मातृझाडे वेगळी घेतली. झटपट चाचणीच्या पट्ट्या वापरल्या आणि शंकास्पद नमुने आरटी-पीसीआरसाठी पाठवले. कोविडनंतर ही चाचणी कुणाला समजावून सांगावी लागत नाही, पट्टी 'नाही' म्हणाली तरी पीसीआर 'आहे' म्हणू शकते हेही नाही.

जुन्या रांगांतली जवळपास सगळी सोनिया सिंबिडियम मोझॅकने बाधित निघाली. काहींत दोन्ही विषाणू होते आणि तीच झाडे सगळ्यात कमजोर होती. पांढऱ्या जातीत संसर्ग तुरळक होता. ज्या नव्या रांगा थेट उतिसंवर्धनाच्या रोपांपासून लावल्या होत्या आणि ज्यांना कधी सुरी लागली नव्हती, त्या जवळपास स्वच्छ होत्या. बाधित आणि स्वच्छ बाकडी काही ठिकाणी शेजारी-शेजारी होती. संसर्ग बाकड्यांच्या शेजारामुळे पसरला नव्हता, तो भाग करण्याच्या मार्गाने गेला होता. एका बाधित झुडपाचे चार भाग केले, त्याच सुरीने पुढच्या झुडपाचे चार, आणि पुढचेही बाधित.

अंगणातल्या आंब्यावर आपोआप वाढलेली सीतेची वेणीही (हे रानातले ऑर्किड) तपासली, कारण तिचे वाळके दांडे त्याच कात्रीने काढले जात. ती स्वच्छ निघाली. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी शेती करणाऱ्याने हा मुद्दा हलका समजू नये. रानातल्या ऑर्किडांना आपल्या कात्रीतून परदेशी लागवडीचा रोग देणे हे न भरून येणारे नुकसान आहे.

संध्याकाळ आणि पहाट

चाचणीने विषाणू आहे हे सांगितले, पण उत्पादनाची घट त्याच्यामुळेच आहे का, हा प्रश्न उरला. जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आम्ही एक साधी मोजणी केली. सारख्या वयाच्या छड्यांवरचे टोकाकडून तिसरे पान निवडायचे, मावळतीला आणि पहाटे सारख्या वजनाच्या चकत्या कापायच्या, शुद्ध पाण्यात उकळायच्या आणि फिनॉल्फ्थॅलीन हा सूचक गुलाबी होईपर्यंत सोडियम हायड्रॉक्साइडचे विरल द्रावण थेंब-थेंब टाकायचे. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या आम्लतेतला फरक म्हणजे रात्रभरात झाडाने पकडलेला कर्बवायू, ढोबळ मानाने.

बाधित झाडांत हा फरक स्पष्टपणे कमी आला. विशेष म्हणजे ज्या बाधित झाडांवर एकही पट्टा दिसत नव्हता, त्यांतही तो कमी होता. चाचणी लहान होती आणि पानाचे वय, माध्यमातला ओलावा, आदल्या दिवशीचे ऊन या सगळ्यांनी आम्लता बदलते, म्हणून हिला रोगनिदान म्हणता येणार नाही. निर्णय घ्यायला मात्र तिने मोठी मदत केली. पाने हिरवी असताना झाड तोट्यात चालले आहे, हे अण्णांनी परीक्षानळीत स्वतः पाहिले.

विषाणू पानात नेमके काय करतो, हे बऱ्यापैकी माहीत आहे. सिंबिडियम मोझॅकचा जनुकसंच जेमतेम सहा हजार दोनशे अक्षरांचा आहे. एवढ्या लहान मजकुरात स्वतःची ऊर्जा बनवण्याची कुठलीही सोय नाही. प्रतिकृती बनवायला न्यूक्लिओटाइड, प्रथिनाचे कवच बनवायला अमिनो आम्ले, आणि या सगळ्याला लागणारे एटीपी (पेशीचे ऊर्जा पुरवणारे रेणू), सगळे झाडाचेच. बाधित ऊतींत श्वसन वाढते ते यासाठी, शिवाय झाडाची स्वतःची बचावयंत्रणाही ऊर्जा खाते. पेशीतून पेशीत जाताना विषाणू पेशींमधल्या सूक्ष्म वाटा आपल्या प्रथिनांनी रुंद करतो. साखरही याच वाटांनी पानातून बाहेर पडते, आणि अनेक विषाणुरोगांत या वाटांच्या गोंधळात साखर पानातच अडून राहते. पानात साखर साठली, की झाड प्रकाशसंश्लेषणाची जनुके मंद करते. अशा वेळी पान भरलेले आणि फुलाचा दांडा उपाशी, अशी स्थिती येते. तंबाखूच्या मोझॅकवर झालेल्या कामात विषाणूचे कवच-प्रथिन थेट हरितलवकांत सापडले आहे, आणि प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेच्या मंद गतीशी त्याचा संबंध दाखवला गेला आहे. ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट त्याच कुळातला.

ऑर्किडवर थेट पुरावाही आहे. सिंगापूरमध्ये 'चिया' आणि 'हे' या आडनावांच्या संशोधकांनी ऑन्सिडियमची विषाणूमुक्त केलेली झाडे तपासली, तेव्हा त्यांची प्रकाशसंश्लेषणाची क्षमता बाधित झाडांपेक्षा जास्त आढळली. तो अभ्यास १९९९ सालचा. पातळ पानांचे ते ऑन्सिडियम मात्र दिवसा कर्बवायू घेते, म्हणून ते निष्कर्ष आकड्यांसह डेंड्रोबियमला लावता येत नाहीत. दिशा तीच आहे.

कोणते पर्याय होते

झाडावर फवारून हा विषाणू घालवता येत नाही, हे सगळ्यात आधी स्पष्ट केले. बाजारात 'विषाणूनाशक' म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांवर बरेच पैसे जातात, म्हणून हे ठामपणे सांगावे लागते.

सगळे उपटून जाळणे हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. पण नवीन रोप विक्रीयोग्य दांडे द्यायला दीड-दोन वर्षे घेते आणि बँकेचा हप्ता तेवढा थांबत नाही. दुसरा मार्ग मातृझाडाच्या अग्रभागातून, विषाणूरोधक औषधाच्या साहाय्याने, प्रयोगशाळेत स्वच्छ रोपे मिळवण्याचा. दुर्मीळ किंवा स्वतः पैदा केलेल्या जातीसाठी तो योग्य आहे, सोनियासारख्या सर्वत्र मिळणाऱ्या जातीसाठी एवढी वाट पाहण्यात अर्थ नव्हता. तिसरा विचार बियांपासून वाढवलेल्या झाडांचा होता. हे दोन्ही विषाणू सहसा बियांतून पुढच्या पिढीत जात नाहीत. हवाई विद्यापीठात हारुयुकी कामेमोटो यांनी बियांपासून एकसारखी झाडे देणारे डेंड्रोबियमचे वाण याच आधारावर विकसित केले होते. आपल्याकडे तशी रोपे सहज मिळत नाहीत, म्हणून तो विचार सोडावा लागला.

चौथा मार्ग वहिनींनी सुचवला: बाधित झाडे एका टोकाला हलवायची, त्यांच्यापासून एकही नवीन कुंडी करायची नाही, फुले मिळतील तेवढी घ्यायची आणि तपासलेली नवीन रोपे तयार झाली, की जुनी काढून टाकायची.

याच टप्प्यावर सगळ्यात कठीण चर्चा झाली. एका व्यापाऱ्याने जुनी झाडे कुंडीसकट घ्यायची तयारी दाखवली होती. शहरातल्या प्रदर्शनांत हौशी लोकांना ती विकली असती तर नव्या रोपांचा मोठा खर्च निघाला असता. अण्णांचा कल तिकडे होता. झाडे हिरवी होती, फुलत होती, आणि विषाणू माणसाला काहीही करत नाही. वहिनींनी नकार दिला. हौशी माणूस आपल्या पाच-पन्नास ऑर्किडांत ते झाड नेऊन ठेवणार, त्याच कात्रीने सगळ्यांची छाटणी करणार, आणि त्याच्या घरात आपण जे भोगतोय तेच सुरू होणार. व्यवहार मोडला. माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात मोलाचा निर्णय आहे, आणि त्याची किंमत कुटुंबाने खिशातून मोजली.

काय केले

दोन्ही विषाणू असलेली झाडे लगेच काढून जाळली. फक्त सिंबिडियम मोझॅक असलेली झाडे वाऱ्याच्या आणि उताराच्या खालच्या टोकाला नेली, म्हणजे त्यांच्यातून निथळणारे पाणी स्वच्छ रांगांकडे जाणार नाही. जाळीचा काढलेला थर त्यांच्यावर परत चढवला, नत्र पूर्वीच्या मात्रेवर आणले. बाधित झाडाला कमी प्रकाशात आणि बेताच्या खतावर ठेवणे हे वरच्या सगळ्या शरीरक्रियेवरून सरळ निघते.

कात्रीची शिस्त बसवणे सगळ्यात अवघड गेले. प्रत्येक कामगाराला अनेक पाती दिली. एक पाते एका झाडाला, मग ते डब्यात, आणि दिवसाअखेर सगळी पाती गॅसच्या ज्योतीवर. दांडे तोडताना वेळ नसतो, तिथे २० टक्के स्निग्धांशविरहित दूध पावडरीच्या द्रावणात पाते बुडवायची पद्धत ठेवली. २०१० साली तंबाखूच्या मोझॅकवर झालेल्या चाचणीत हे द्रावण अवजारांवरून होणारा प्रसार रोखण्यात प्रभावी ठरले होते. कामगारांना दुधाचा उपाय लगेच पटला, ज्योतीचा कंटाळा आला. म्हणून तोडणीचा क्रम बदलला: आधी स्वच्छ रांगा, मग बाधित, आणि बाधित रांगांतून परत कुणी मागे फिरायचे नाही. मजुरी वाढली नाही आणि धोका सगळ्यात जास्त याच एका बदलाने कमी झाला असावा, असे मला वाटते.

नवीन रोपे घेताना विक्रेत्याकडे मातृझाडांच्या तपासणीचा अहवाल मागितला. आली ती रोपे वेगळ्या लहान जाळीखाली ठेवून त्यांतली काही पुन्हा तपासली. पहिल्याच खेपेत, दिसायला निर्दोष असलेल्या रोपांत रिंगस्पॉट निघाला. खेप परत गेली. उतिसंवर्धन म्हणजे विषाणूमुक्त, हा समज इथे तुटला. मातृझाड बाधित असेल आणि तपासलेले नसेल, तर प्रयोगशाळा विषाणूच्याही हजारो प्रती काढून देते.

निष्पत्ती

पहिल्या वर्षी उत्पन्न आणखी घसरले, कारण झाडे कमी झाली. गणपतीच्या हंगामात दादरला माल गेलाच नाही. गोव्यातले एक जुने गिऱ्हाईक तुटले. नव्या रांगा फुलू लागल्यावर दर झाडामागचे दांडे पूर्वीच्या पातळीजवळ आले आणि फुले टिकत नाहीत ही तक्रार थांबली. नव्या रांगांच्या दोन फेरतपासण्यांत संसर्ग दिसला नाही. जाळी पूर्ण होती, तरी बाधित रांगांतली झाडे वर्षागणिक थोडी आणखी खालावत गेली. एकदा दोन झाडे चुकून स्वच्छ बाजूच्या पाण्याच्या नळीजवळ ठेवली गेली, तेव्हा वहिनींनी त्यांच्या आसपासच्या सगळ्या कुंड्या तपासून घेतल्या.

वेगळे काय करता आले असते

भाग करण्याआधी मातृझाडे तपासली असती, तर हा सगळा खर्च काही पट्ट्यांच्या किमतीत आटोपला असता. चार हजार कुंड्या तपासणे परवडत नाही, पण ज्या तीस-चाळीस झुडपांपासून चार हजार होणार आहेत ती तपासणे कुणालाही परवडते. रांगनिहाय नोंदी पहिल्या वर्षापासून असत्या, तर घट एकाच वंशातल्या झाडांत आहे हे खत आणि जाळीवर वेळ जाण्याआधीच दिसले असते. इथे एकूण दांड्यांचा हिशेब होता, कुठल्या रांगेतून किती याचा नव्हता.

बाधित झाडे ठेवण्याच्या निर्णयाबद्दल माझे मत आजही विभागलेले आहे. त्या फुलांनी दोन वर्षे हप्ते भरले हे खरे. पण कामगारांवर शिस्तीचा जो ताण पडला आणि स्वच्छ रांगांवर जी टांगती तलवार राहिली, ती पाहता निम्मी झाडे पहिल्याच हंगामात काढणे बरे झाले असते. अण्णांना हे पटत नाही, आणि हिशेबाची वही त्यांच्या बाजूने बोलते.

पांढऱ्या जातीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तीत संसर्ग तुरळक आहे, तपासलेली रोपे मिळत नाहीत, आणि लग्नाच्या सजावटीत मागणी तिलाच जास्त. सध्या प्रत्येक पांढऱ्या झुडपाला क्रमांक दिला आहे. नवीन छडी पक्व झाली, की तिचे पान तपासायचे, दोनदा स्वच्छ निघाले तरच भाग करायचे, आणि त्या झुडपासाठी वापरलेले पाते दुसऱ्या झाडाला लावण्याआधी ज्योतीवर धरायचे. याला वेळ लागेल, कारण वर्षात फार तर काही डझन झुडपेच या चाळणीतून पार होतात.